हेल्मेटमधला ब्लूटूथ हेडसेट: बसवायचा कसा आणि चालत्या गाडीवर वापरायचा कसा

मागच्या पावसाळ्याआधी एक मित्र नवाकोरा हेल्मेट हेडसेट घेऊन घरी आला, तोंड पाडून. म्हणे पीस फॉल्टी आहे, पार्किंगमध्ये मस्त वाजतो पण साठच्या पुढे गेलो की काही म्हणजे काही कळत नाही, आवाज फुल करून बघितला, उद्या परत पाठवून देतो. म्हटलं आधी हेल्मेट दे इकडे. गालाची गादी काढून बघितलं तर स्पीकर बरोब्बर त्या कानाच्या खळग्याच्या मधोमध लावलेले, दिसायला एकदम शिस्तीत, फक्त याचा कान त्या खळग्याच्या मधोमध येतच नव्हता, स्पीकर कानाच्या पाळीखाली जबड्याला गाणी ऐकवत होते. दोन्ही बोटभर वर आणि थोडे पुढे सरकवले. तो कात्रज बोगद्यापर्यंत जाऊन आला आणि येताना आवाज तीन पॉइंट कमी करून आला. पीस परत गेला नाही.

तर मी जे सांगतोय ते बहुतेक या एका गोष्टीभोवतीच आहे. सेट दोन-तीन हजाराचा असो की तीस हजाराच्या वरचा, तो नीट बसवला नाही आणि सगळी सेटिंग घरून करून निघालो नाही तर तो डोक्याला ताप आहे, आणि चालत्या गाडीवर डोक्याला ताप म्हणजे काय ते सांगायला नको.

कोणता घ्यायचा यावर फार वेळ घालवत नाही. एकटे फिरता, नकाशाचा आवाज आणि थोडी गाणी एवढंच हवं, तर साधा ब्लूटूथ सेट पुरे. मागे बायको किंवा मित्र बसतो आणि त्याच्याशी बोलायचंय, तर इंटरकॉमवाला, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, जमलं तर एकच मॉडेल. चार-पाच गाड्यांचा ग्रुप असेल तरच मेशवाल्याकडे बघा, कार्डो, सेना या मोठ्या कंपन्यांचे येतात, आपल्याकडे बंगळुरूच्या ब्लूआर्मरचेही आहेत. मेश आणि साधा इंटरकॉम यातला फरक एवढाच की साध्यात माणसं साखळीसारखी जोडलेली असतात, मधला एकजण पेट्रोलला थांबला की पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे. मेशमध्ये जो जवळ आहे त्याच्यामार्फत आवाज पुढे जातो, मागे पडलेला परत टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो, बटणं दाबत बसावं लागत नाही. हे सोडून बाकी जाहिरातीत जे काही लिहिलेलं असतं ना, त्यातलं निम्मं तुम्ही कधी वापरणार नाही.

आता बसवणं. हेडसेटचा मुख्य डबा हेल्मेटच्या डाव्या बाजूलाच लावतात, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, तो सोडला की गाडी लगेच मंदावते आणि पुढचा ब्रेकही त्याच हातात. डावा हात क्षणभर मोकळा करता येतो. लावायचे दोन प्रकार, क्लॅम्प नाहीतर डबल टेप. क्लॅम्प असेल तर हेल्मेटचं कवच आणि आतला थर्माकोल यांच्या फटीत तो सरकवायचा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळायचे. फट नसेल तर टेप. टेप लावायच्या आधी ती जागा स्पिरिटच्या पुसणीने पुसा, वाळू द्या, मग दाबून चिकटवा आणि एक रात्र हात लावू नका. चिकटवून लगेच निघालात आणि एक्सप्रेसवेच्या खालच्या जुन्या हायवेवर कुठेतरी डबा उडाला, की मग शोधत बसा झाडीत.

एक गोष्ट अजिबात करायची नाही. स्पीकरला जागा होत नाही म्हणून आतला थर्माकोल कटरने खरवडायचा नाही, आणि हेल्मेटला भोक तर पाडायचंच नाही. डोकं वाचवायचं काम तो थर्माकोलच करतो, आपटल्यावर चेपून धक्का खातो, तो जिथे पातळ केलात तिथे तेवढं कमी. खळगा नसलेलं हेल्मेट असेल तर पातळ स्पीकरचा सेट बघा नाहीतर हेल्मेट बदला. हे ऐकून लोकांना राग येतो, पण खरवडलेली हेल्मेटं मी बघितलीत, म्हणून सांगतो.

स्पीकर. इथे वेळ घालवा, अर्धा तास गेला तरी चालेल. पहिलं काम, स्पीकर न लावता हेल्मेट घाला, गालाच्या गादीखालून बोट आत घाला आणि कानाचं भोक नेमकं कुठे येतंय ते चाचपा. बहुतेकांचं ते खळग्याच्या मध्यापेक्षा थोडं वर आणि पुढे येतं. बोट तिथेच ठेवून दुसऱ्या कोणाला तरी आतून पेनने खूण करायला सांगा, स्वतःचं स्वतः केलं तर हेल्मेट काढताना खूण हलते. मग त्या खुणेवर वेल्क्रो आणि त्यावर स्पीकर. स्पीकर आणि कान यात अंतर फार राहिलं तर सेटबरोबर फोमच्या चकत्या येतात त्यातली एक स्पीकरच्या मागे लावा, म्हणजे तो कानाजवळ येईल. चिकटायला नको, अगदी टेकेल न टेकेल असा. सेंटिमीटरभराचा फरकही कळतो, विश्वास बसत नसेल तर एकदा मुद्दाम इकडेतिकडे करून ऐका.

जास्त जवळ आला तर वेगळीच भानगड. पाच मिनिटं काही वाटत नाही, अर्ध्या तासाने कानाची पाळी दुखायला लागते आणि ताम्हिणी संपेपर्यंत हेल्मेट फेकून द्यावंसं वाटतं. म्हणून बसवून झालं की घरातच घालून अर्धा तास बसायचं, टीव्ही बघा, जेवण करा, घरचे हसतील हसू दे. चष्मा असेल तर चष्म्यासकट बसा, कारण चष्म्याची काडी स्पीकर आणि कानशिलाच्या मध्ये अडकून दाबली जाते आणि ते दुखणं फारच वाईट. हेल्मेट घालताना स्पीकरमध्ये कान अडकून दुमडत असेल तर पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून मग घाला. वायरी सगळ्या गाद्यांच्या मागे खुपसून टाका, एकही गुंडाळी कानापाशी किंवा मानेपाशी लोंबती नको.

माइक. पूर्ण तोंडाचं हेल्मेट असेल तर छोटा बटणासारखा वायरचा माइक येतो, तो हनुवटीच्या पट्टीच्या आतून, ओठांच्या बरोबर समोर चिकटवा. पुढून उघडं किंवा वर उचलायचं हेल्मेट असेल तर दांडीवाला माइक, त्याचं टोक ओठांच्या कोपऱ्यापाशी, जवळपास लागेल इतकं. माइकला एक बाजू असते, बाण नाहीतर ठिपका असतो, ती बाजू तोंडाकडे. हा ठिपका बाहेर ठेवून लोक महिनोन्महिने फिरतात आणि समोरच्याला फक्त वारा ऐकू येतो. माइकवरचा फोमचा टोपरा काढू नका, हरवला तर दुसरा लावा, वारा अडवायचं सगळं काम त्याचं आहे. हनुवटीपाशी हवेची खिडकी असेल तर बोलताना बंद.

बसवून झालं की मित्राला फोन लावून एक राउंड मारा आणि ४० ला, ६० ला, ८० ला एकेक वाक्य बोला, कुठे आवाज तुटतो ते त्यालाच विचारा, आपल्याला आपला आवाज कळत नाही. आणि ओरडू नका! नवीन सेट लावला तेव्हा बायको मागे बसलेली, तिच्या कानातही स्पीकर, आणि मी सवयीने बोंबलतोय, "पाणी पाहिजे का पाणीऽऽ". ती शांतपणे म्हणाली, "अरे ओरडू नकोस, अख्ख्या पौडला पाणी नकोय."

जोडणी सगळी आदल्या दिवशी. फोनला आधी, मग एकमेकांना. दोघांचे सेट वेगळ्या कंपनीचे असले तरी एक जुगाड चालतो, बऱ्याच सेटमध्ये युनिव्हर्सल इंटरकॉम असतो, म्हणजे तुमचा सेट समोरच्या सेटला फोन आहे असं भासवून जोडला जातो. चालतं, पण आवाज जेमतेम आणि काही सेटमध्ये मग दुसरा फोन जोडता येत नाही, दूरच्या राईडला यावर भरवसा ठेवू नका. कंपनीच्या ॲपमधून अपडेट आलं असेल तर तेही दोन-चार दिवस आधी करून टाका, निघायच्या सकाळी नाही. आम्ही एकदा पहाटे साडेपाचला चांदणी चौकात पाच गाड्या लावून एकाचं अपडेट पूर्ण व्हायची वाट बघत उभे होतो, आणि ते झाल्यावर त्याची सगळी जोडणी पुसलेली. चहावाल्याने तीन राउंड चहा दिला.

काही जण विचारतात की बोलणं चालू असलं की गाणं डब्यातल्या रेडिओसारखं का वाजतं, सेट बिघडला का. नाही बिघडला. ब्लूटूथमध्ये गाण्याचा रस्ता वेगळा आणि फोन-बोलण्याचा वेगळा असतो, बोलण्याच्या रस्त्यावर आवाज मोनो आणि दाबलेला जातो, कारण तिथे माइकचाही आवाज उलट जायचा असतो. साधा इंटरकॉम चालू ठेवलात की बऱ्याच सेटमध्ये गाणंही त्याच रस्त्याने ढकललं जातं. त्यावर इलाज एकच, ऐकायचं तेव्हा ऐका, बोलायचं तेव्हा बोला.

फोनमध्ये दोन-तीन गोष्टी. गूगल मॅप्सच्या सेटिंगमध्ये आवाज ब्लूटूथवर वाजवायचा पर्याय असतो तो चालू आहे का बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. नकाशात कारऐवजी टू-व्हीलर निवडा, ते भारतात २०१७ च्या शेवटी आलंय तरी लोक अजून कारवरच चालवतात आणि बाइकला बंदी असलेल्या एक्सप्रेसवेकडे वळतात. जाणार त्या भागाचा नकाशा डाउनलोड करून ठेवा, ताम्हिणीत, वरंध्यात कितीतरी वळणांवर रेंज नसते आणि तेव्हाच ती बाई गप्प होते. मेसेज वाचून दाखवणं बंद करा, सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभात तुम्हाला कोलाडपर्यंत ऐकायचे नसतील तर.

आणि आवाजाने फोन उचलायची सोय, ती पहिल्या दिवशीच बंद करा. यात काय होतं, फोन वाजला की तुम्ही काहीही मोठ्याने बोललात की सेट तो उचलतो. नवले पुलापाशी एका टेम्पोवाल्याने मला असा कट मारला की मी हेल्मेटच्या आतच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, नेमका त्याच वेळी फोन वाजत होता, आणि माझा तो पूर्ण उद्धार सेटने 'हॅलो' समजून घेतला. पलीकडे आमचे मॅनेजर. दोन सेकंद शांतता, मग सर म्हणाले, "गाडीवर आहेस वाटतं, नंतर करतो." त्या महिन्यात मी फार वेळेवर ऑफिसला गेलो.

ग्रुपमध्ये चालवताना शब्द आधी ठरवून घ्या, आणि छोटे. आमच्यात पुढचा 'खड्डा उजवीकडे', 'गुरं', 'खडी', 'ब्रेकर', 'हायवा समोरून' एवढंच बोलतो, वाक्यं नाही. शेवटच्या गाडीवर सगळ्यात अनुभवी माणूस, तो फक्त 'सगळे आहेत' किंवा 'एक थांबला' सांगतो. घाटात सिग्नल वळणाआड जातोच, हे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि डोंगर मध्ये आला की संपलं, डब्यावर मैलभराची रेंज लिहिलेली असली तरी ती मोकळ्या सरळ रस्त्याची. तेव्हा आवाज तुटला म्हणून घाबरून वेग वाढवू नका, पुढचे पुढच्या टपरीवर थांबतील एवढं आधी ठरलेलं पाहिजे.

एक वाक्य मात्र आमच्या ग्रुपमध्ये बंद आहे. 'ये, रस्ता मोकळा आहे.' पूर्वी आम्हीही बोलायचो, ट्रकच्या पुढे गेलेला मागच्याला सांगायचा आणि मागचा डोळे मिटून बाहेर निघायचा. माणगावच्या अलीकडे एकदा असाच एकजण निघाला आणि समोरून एसटी, तो परत ट्रकच्या मागे कसा घुसला त्याचं त्यालाच माहीत. गणित साधं आहे, ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते, समोरचीही तेवढीच येते, म्हणजे मधलं अंतर सेकंदाला ३३ मीटर कमी होतं. मित्राने बघितलं, बोलला, तुम्ही ऐकलं, गिअर टाकला, यात चार सेकंद सहज जातात. म्हणजे त्याने जो मोकळा रस्ता बघितला होता त्यातला सव्वाशे मीटरपेक्षा जास्त गायब झालेला असतो. 'थांब' म्हणायला परवानगी आहे, 'ये' म्हणायला नाही. ओव्हरटेक ज्याचा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी.

चालू गाडीवर तुम्हाला फक्त तीन बटणं माहीत हवीत, आवाज कमी, गाणं बंद, फोन कट. ग्लोव्ह्ज घालून, डोळे मिटून, घरी बसल्या बसल्या वीस वेळा दाबून बघा. पावसाळी जाड ग्लोव्ह्जमध्ये बटण बोटाला सापडत नसेल तर त्यावर फेव्हिक्विकचा एक छोटा थेंब टाकून उंचवटा करून घ्या, फक्त सांध्यात जाऊ देऊ नका. बाकी कुठलंही बटण शोधायची वेळ आली तर बाजूला घ्या गाडी. फोनवर बोलणंही तसंच, 'गाडीवर आहे, दहा मिनिटांत करतो', बास. भांडण, हिशेब, कर्जवाले, यातलं काही हेल्मेटमध्ये नको, हात मोकळे असतात पण डोकं तिकडे जातं, आणि ते मी स्वतः अनुभवलंय, लवळे फाटा कधी मागे पडला ते कळलंच नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीपासून गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय, पहिल्यांदा १ हजार ते ५ हजार दंड, कैदही होऊ शकते, तीन वर्षांत परत केलंत तर १० हजार. आणि हो, हेल्मेटमध्ये गालापाशी मोबाइल कोंबून बोलणं याला हेडसेट म्हणत नाहीत, तो फोन पडताना धरायला हात कसा जातो ते कुठल्याही सिग्नलला बघा.

कानांचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. १०० च्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाजच ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो. कानासाठी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्या हिशेबाने १०० डेसिबल पंधरा मिनिटं. आता या वाऱ्यावर मात करायला तुम्ही गाणी फुल करताय, म्हणजे त्याच्याही वर. राईडनंतर रात्री कानात जे कूं वाजत राहतं ते हेच. उलटं वाटेल पण लांबच्या राईडला मी फोमचे इअरप्लग घालतो आणि वरून हेडसेट लावतो. प्लग वारा दाबतो, स्पीकर कानाला लागून असल्यामुळे बोलणं उलट जास्त स्वच्छ येतं, हॉर्न आणि सायरनही कळतो. प्लग गोल वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. शहरात मात्र प्लगही नको आणि गाणीही नकोत. आवाज उभ्या गाडीवर सेट करताना थोडा कमीच ठेवा, वेगाप्रमाणे आपोआप वाढवणारी सोय असेल तर तिचा वरचा टप्पा बंद करा.

पावसाचं आपल्याकडे वेगळंच. डब्यावर आयपी६७ लिहिलं असेल तर तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली असते, पण ती चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलेलं असताना. स्वस्त सेटवर नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काहीही होतो, असा एक सेट माझा मुळशीच्या पुढे जलसमाधी घेऊन बसला. गाडीवर पॉवरबँकची वायर लावून चार्ज करत चालवू नका, पावसात तर नाहीच, आणि कोरड्यातही पडलात तर डोकं वायरने गाडीला बांधलेलं असतं. चहाला थांबाल तिथे करा चार्ज, वीस मिनिटांत संध्याकाळपुरता होतो. भिजून घरी आलात की डबा काढून पुसा, झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली, ओला असताना चार्जरला लावायचा नाही. हेल्मेट उन्हात टाकीवर ठेवून जेवायला जाऊ नका, बॅटरीला ते आवडत नाही. महिना-दोन महिने गाडी बंद राहणार असेल तर पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली न ठेवता निम्मी चार्ज करून ठेवा.

आणि हेल्मेटच्या गाद्या धुवा हो अधूनमधून, पावसाळ्यानंतर तर नक्की, वास मारतो. धुवायच्या आधी स्पीकर, माइक सगळं काढायचं आणि काढण्याआधी आतला फोटो काढून ठेवायचा, वायर कुठून कशी गेली होती ते. मी उजव्या स्पीकरला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय आणि हेल्मेटच्या आत जिथे तो बसतो तिथेही एक, परत लावताना ठिपक्यावर ठिपका.